तारांकित

डुलूथला मे उजाडला तरी सरोवरावर बर्फ तरंगत असतो.
तळमजल्यावर मी तक्ता भरते:
कोण आलं, कोण टिकलं,
कोण किती वर्षांनी पदवी घेऊन गेलं.
वंशागणिक एकेक ओळ.

गोऱ्यांची ओळ बिनबोभाट.
आशियाई चढती.
काळ्यांच्या ओळीत प्रवेश यंदा भरपूर,
पण शेवटच्या रकान्यापाशी येईस्तोवर
आकड्याला धाप लागते.

पाचापेक्षा कमी असतील तिथे आकडा लिहायचा नाही,
माणूस ओळखू येऊ नये म्हणून.
तिथे चांदणी टाकायची.

मूलनिवासींच्या चौकटीत मी चांदणी टाकली
आणि मला ठाऊक होतं ती कोण.

मार्लिस कडॉट.
जंगली भात उगवतो त्या चिखलावर डॉक्टरेट, अकरा वर्षं.
मधे दोनदा नाव कमी झालं:
एकदा आईच्या डायलिसिसपायी,
एकदा तीनशे ऐंशी डॉलर थकले म्हणून.
ती थकबाकी मीच चढवली होती, याच कीबोर्डवरून.

काल ती आली, प्रमाणपत्रावरचं स्पेलिंग बघायला.
‘यात मी कुठे?’
मी बोट ठेवलं.
चष्मा कपाळावर सारून तिनं बराच वेळ पाहिलं.
‘आणि तू?’

मी आले तेव्हा माझ्या ओळीला वंशच नव्हता,
नुसतं ‘परदेशी’.
मग नागरिक झाले, आशियाई झाले,
पीएचडी चौथ्या वर्षी सोडली.

त्या चढत्या ओळीत कुठेतरी आहे, म्हटलं,
न संपवलेल्यांत.
चांदणी नाही माझ्यावर.
आम्ही पुष्कळ आहोत.