सोळावा उतारा

सोळावा उतारा मी स्वतः रचला,
दुपारी तीनला, पंखा बंद, पेरूच्या फोडींना मीठ लावत.
पंधरा खरे होते, मिनासच्या डोंगरांतून जमवलेले:
दम्यावर, परागंदा नवऱ्यावर, न फुटणाऱ्या पान्ह्यावर.
प्रोफेसर किरीनोंना एक खोटा हवा होता, तुलनेपुरता.
मी टाइप केलं: झोपेत चालणाऱ्या मुलासाठी
मक्याचे सात दाणे, पत्र्याची कोरी बशी,
उंबऱ्यावर, पाठमोरं उभं राहून,
तीन रात्री, चंद्र झिजत असताना.

मग त्यातच काटछाट:
एकाच रात्रीचा. मूठभर दाण्यांचा. कुठलीही बशी चालेल असा.
बाजारात, लॉटरीच्या टपरीपाशी लोकांना विचारलं,
गुण किती येईल? शून्य ते दहा.
सोपा उतारा कुणालाच पटेना.
जितकी यातायात, तितका आकडा वर.
कारण दिसेनासं झालं की मन कृती मोजू लागतं,
प्रोफेसरांनी लिहिलं. आलेख देखणा आला.

दोन वर्षांनी पेद्रा मान्साला रात्रीची बस बिघडली.
पाणी मागायला एका घरात शिरले, परसदारानं.
दोना इरासिल्दा रस्त्याकडच्या दाराला पाठ करून उभी.
उंबऱ्यावर बशी.
मी दाणे मोजले. सात.
शेजारी एक निळं बटण.

बटण कशाला?
‘त्याच्या शर्टाचं आहे.
नाहीतर दाण्यांना कसं कळणार, पोर कुणाचं?’

कुणी शिकवलं?
‘जुनं आहे गं. माझ्या सासूच्या माहेरचं.’

जुसेलिनो आत झोपलेला, नऊ वर्षांचा,
एक पाय खाटेबाहेर.
गेल्या महिन्यात तो रुळांपर्यंत गेला होता,
लोहखनिजाच्या मालगाडीला दोनशे डबे असतात,
ती लवकर थांबत नाही.

सांगणार होते, हा माझा आहे.
कोणता? बटणाशिवायचा?
त्या दुपारी कोणाचंच पोर
माझ्या डोळ्यांसमोर नव्हतं.

गुण आला का, एवढंच विचारलं.
‘बघू,’ ती मागे न वळता म्हणाली, ‘आज दुसरीच रात्र.’

ड्रायव्हरनं हॉर्न दिला.
रस्त्याकडचं दार चार पावलांवर होतं.
मी परसातून गेले,
कोंबड्यांच्या खुराड्याला वळसा घालून, अंधारात चाचपडत,
बशीला धक्का लागू नये म्हणून.