बटणापर्यंत

डॉक्टर केटामाइन मोजतात मिलिग्रॅममध्ये.
माझ्या कामाला त्यांच्या कागदावर रकाना नाही,
'इतर' असा एक चौकोन आहे, त्यात लिहितात:
सुवार्ता तिवडे, सोबत.

मिरजेत, दवाखान्याच्या मागल्या अंगाची खोली.
खिडकीखाली सतारीचे भोपळे वाळत घातलेले,
पोटं कोरलेले, तोंडं उन्हाकडे.
रुग्ण यायच्या आधी मी पडदा ओढते,
चपला दाराबाहेर काढते
आणि माझा देवही तिथंच, चपलांशेजारी ठेवते.
त्या तासाला तो बाहेर बसून राहतो. सवय झालीय त्याला.

भूपाल मगदूम, रिटायर लाइनमन, तासगावकडचे.
सव्वीस वर्षांपूर्वी खांबाखालून ओरडले होते,
'लाइन बंद आहे वायदंडे, चढ!'
लाइन बंद नव्हती.
तेव्हापासून घरातलं एकही बटण त्यांनी दाबलेलं नाही.
दिवा बायको लावते.

आदल्या दिवशी विचारलं, कुणाला मानता?
'बस्तीत जातोय. पर मागंच उभारतोय.'
म्हणून रात्री णमोकार पाठ करत बसले,
मागितलाच त्यांनी तर असावा म्हणून.
नाही मागितला.

डोळ्यांवर पट्टी. सुई. मग बराच वेळ
नुसता श्वास, आणि दंडावर फुगून बसणारा पट्टा.
विसाव्या मिनिटाला म्हणाले,
'तारंवर पाखरं बसल्यात.'
मग हळू, 'वायदंडे बी बसलाय. पाय हलवतोय.'
मग माझं मनगट धरून, 'उतर म्हणू का त्याला?'

तीस वर्षं वॉर्डात हिंडलेली बाई मी,
जिभेवर तयार होतं: त्यानं माफ केलंय तुम्हांला.
गिळलं.
ती क्षमा काय माझ्या पिशवीतली आहे, वाटत सुटायला?
हात दाबला फक्त. तेही जरा जास्तच जोरात.

उठल्यावर विचारलंच त्यांनी,
'ताई, त्यो हुता, का औषध हुतं?'
म्हटलं, चहा घ्या. ओठ सुकलेत.

आठवड्यानं आले. 'काल अंधार पडला.
ही शेजारी गेलेली. उठलो, बटणापर्यंत गेलो.'
दाबलंत?
'न्हाई. गेलो पर.'

'निष्पत्ती'समोर मी लिहिलं: बटणापर्यंत.
डॉक्टर म्हणाले, म्हणजे सुधारणा किती टक्के धरायची?
खाली कुणीतरी भोपळ्यावर बोट वाजवून बघत होतं.
ओला आहे अजून, म्हणाला,
आणि कूस बदलून परत उन्हात ठेवला.