अकरा घरं

रविवारी नान्नजच्या माळावर काढलेले फोटो
रात्री साडेनऊला उघडले, घरकुलातल्या खोलीत.
लाइट नुकतीच आलेली. पंखा गरम हवाच ढवळत होता.
नान्ना शेजारच्या खुर्चीत, बनियनवर,
चष्मा कपाळावर.

एकशे चाळीस फोटो. ठेवण्यासारखे सहा.

आधी क्षितिज सरळ केलं.
माझ्या हाताला डावीकडं कलायची खोड आहे,
बँकेत नोटा मोजून खांदा पडलाय तसा.
दीड अंश फिरवलं, माळ जागेवर बसला.
मग रंग समजावले:
आमचं एप्रिलचं ऊन कॅमेऱ्याला निळसर वाटतं,
त्याला सांगावं लागतं, बाबा रे, पिवळं आहे हे,
शेंगेच्या टरफलाइतकं.
सावल्या उचलल्या. गवताखालची माती दिसायला लागली.
आकाशाचा उजेड खाली ओढला, आला तिथवर.
सूर्याकडचा तुकडा मात्र जळालेला.
जळालेल्या पांढऱ्यात काही शिल्लक नसतं;
कितीही ओढा, राखाडी होतं, आकाश होत नाही.
कापून टाकला.

मग डाग.
लेन्स बदलताना धूळ बसते आत, सोलापूरची,
कापसाच्या तंतूसकट,
आणि मोकळ्या आभाळावर ती हमखास दिसते.
चारशे टक्के मोठं करायचं, एक कोपरा धरायचा,
अंगण झाडतात तसं ओळीनं यायचं.
टिचकी. शेजारचं निळं उचलून डागावर बसतं.
टिचकी.

सतरा गेले. अठराव्यावर बाण नेला
तर नान्ना म्हणाले, थांब.

चष्मा खाली आला. खुर्ची पुढं सरकली.
चाळीस वर्षं या माणसानं
ग्राफ पेपरवर लाल पेन्सिलीनं घरं भरली:
चादरीवरचे मोर, चादरीवरची कमळं, एका आमदाराचं नाव.
एक भरलेलं घर म्हणजे पुठ्ठ्याला एक भोक,
एक भोक म्हणजे एक उचललेला धागा,
आणि एक चुकलं की
लातूरपासून विजापूरपर्यंत सगळ्या मोरांना तीच चूक.
एकदा त्यांनी एका मोराला तीन पाय दिले होते.
मालकानं सहाशे चादरी विकल्या. तक्रार एकाचीही नाही.
हे ते कुणाला सांगत नाहीत. मला दोनदा सांगितलंय.

बोट स्क्रीनजवळ नेलं, टेकवलं नाही.
ओठ हलत होते. मोजायचं ते तेलुगूतच मोजतात.
अकरा, म्हणाले. अकरा घरं. पिट्ट.
पक्षी कुठला, मी म्हटलं, धूळ आहे ती,
पुढच्या फोटोतही तिथंच असेल बघा.
धुळीला मान नसते, म्हणाले.

पुढचा फोटो उघडला. तिथं नव्हती.
डावीकडं होती, जराशी वर,
नऊ घरांची.

मग मी ते सतराही परत आणले,
मागे, मागे, मागे,
आणि एकेक पुढच्या फोटोशी ताडून पाहिला.
सोळा धूळ होते.
एक कोण होतं, मला सांगता येणार नाही.

माळढोक का, नान्नांनी विचारलं.
घार असेल, मी म्हटलं.
अकरा घरांत एवढंच कळतं की मान आहे.
आणखी मोठं केलं तर पक्षी जातो, चौकोन उरतात.
ते हसले. कागदाला नाक लावलं की
मोराचंही तसंच व्हायचं.
जरा मागं सर, म्हणाले, लांबून बघ.

आम्ही दोघं मागं सरून बघत बसलो.

मग बऱ्याच वेळानं, हळूच:
शेपटीकडं एक घर कमी पडतंय.
भर की. कुणाला कळतंय.

मी म्हटलं, जेवायला वाढते.
आत कडक भाकरी मोडता मोडता ऐकू आलं,
खुर्ची ओढल्याचा आवाज,
थोडा वेळ काहीच नाही,
आणि एक टिचकी.