थ्री फेज

दोघंच आहेत आणि नाव थ्री फेज.
विचारलं, तिसरा कोण रे?
जुबेर म्हणाला, चाचा, लाइट.

उदगीरच्या बाहेर, शेतांच्या लाइनवर
माझं बिछायत केंद्र.
अकराशे ताटं, सहा कढया, सतरंज्या,
आणि घोडा मेल्यावर उरलेली त्याची झूल.
मागची खोली यांना दिली.
भाडं इतकंच : रात्री गोदाम राखायचं.

जुबेर दिवसा बोअरच्या मोटारी भरतो.
बोटांना जळक्या तांब्याचा वास.
त्याच बोटांनी त्यानं
मोडलेल्या ऑर्केस्ट्राचा कॅसिओ उघडला,
आत काय जोडलं त्यालाच ठाऊक,
आता सा दाबला की सा येत नाही,
विहिरीत पडलेली बादली येते
हेलकावत, गळत,
दोराच्या करकरीसकट वर.

रेवण शब्दांचा.
शाळेत असताना भांडणंसुद्धा यमकात करायचा,
जेवणाच्या डब्यावर ठेका धरून.
मार खायचा तोही तालात, असं त्याचे मास्तर सांगतात.
मग पुण्याला गेला.
मेसमध्ये कुणी विचारलं, काय करतोयस?
हा म्हणाला, जेवूलालाव.
सगळी टेबलं हसली.
तीन वर्षं तो ‘जेवतोय’ म्हणत जेवला
आणि वाळून परत आला.

जुबेरनं तेच क्रियापद घेतलं.
कापलं, ताणलं, उलटं टांगलं :
येऊलालाव जाऊलालाव
लालाव लाला
वला लाव
खाली बास, म्हशीच्या पाठीसारखा रुंद, ओला,
वर रेवण, एका दमात,
पुण्याचं उधार फेडत.
माझ्या ध्यानात आलं,
आमची ही रोज याच ठेक्यात
दळण टाकून यायला सांगते
आणि मी चाळीस वर्षं त्याला कटकट म्हणतोय.

थ्री फेज रात्री साडेबाराला येते.
पहिल्या रात्री
बास भिंतीतून आला
आणि ताटं जागी झाली.
वाढपी निघाला हे कळल्यावर
पंगत जशी जरा सरसावते
तशी, एकामागून एक, अकराशे.
मी अनवाणी धावलो, शिव्या तोंडात तयार.
रेवणनं ओठांवर बोट ठेवलं.
रेकॉर्डिंग चाललं होतं.
माझ्याच गोदामात मला गप्प!
उभा राहिलो.
हळूहळू स्टीलला रंग फुटले,
जांभळा, मग हिरवा,
वेल्डिंगकडं बघून डोळे मिटल्यावर येतो तसला,
आणि कोपऱ्यातली झूल
पोटाशी श्वास घेतल्यासारखी हलली.
मी काही घेत नाही. चहासुद्धा बिनसाखरेचा.

एका बारशाला वाजवलं त्यांनी.
बाळ झोपलं.
एका पाहुण्यानं अर्ध्या तासानं विचारलं,
गाणं कधी सुरू होणार?
पण विचारताना
त्याचा उजवा गुडघा
त्याचं ऐकत नव्हता.

काल लग्नातून ताटं परत आली.
मोजायला बसलो.
मोजता मोजता दिसलं, मी आठाआठानं मोजतोय,
दर चौथ्याला जरा दाबून.
दोन कमी भरली.
मागच्या खोलीत खिळ्याला टांगलेली
मी पाहिली होती.

वहीत लिहिलं :
ताटं एक हजार अठ्ठ्याण्णव.
दोन वाजायला गेलीत.