क्रमांक एकेचाळीस

मोहिमेच्या वहीत माझा आजा
क्रमांक एकेचाळीस.
ओझं : पेटी एक. आत काच. जपून.
मजुरी : मीठ, अर्धी घोंगडी.
अर्धी का, ते वहीत नाही.

घरी तो न्दुंगो.

सतरा दिवस रुवेन्झोरी ढगात.
साहेबांनी न दिसणाऱ्या शिखरांना नावं ठेवली,
ढगांनाही ठेवली,
चिखलाला तर रोज संध्याकाळी.
न्दुंगो मांडीभर दलदलीत,
डोक्यावर काच,
आणि वर कितासाम्बा राहतो, त्याची झोपमोड नको
म्हणून खोकला तोंडात दाबलेला.

अठराव्या दिवशी आभाळ फाटलं.
काचेला डोळा लावून ते आकडे ओरडू लागले.
कुणाचं लक्ष नाहीसं पाहून
त्यानं मूठभर बर्फ उचलला,
मातोके संपलेल्या केळीच्या पानात बांधला.
आईसाठी.

गावात पोचला तेव्हा नुसतं ओलं पान.
"एवढंच?" म्हणाली ती,
आणि पान चाटलं.
थंड होतं म्हणे.
आजा हे सांगताना दर वेळी
स्वतःची जीभ बाहेर काढायचा.

मी काबुघो. मीही ओझी नेते,
पैसे रोख, बूट माझे.
दर जानेवारीत खडकावरच्या लाल खुणेपासून
बर्फापर्यंत फीत धरायची,
तेही माझंच काम.
यंदा फीत संपली, बर्फ आला नाही.
मास्तरांनी वहीत रेघ मारली, नाक पुसलं.

पुढे एका फटीत होता थोडा,
करडा, म्हाताऱ्याच्या दातासारखा.
मी वाकले.
मग राहू दिला.

पान होतं माझ्याकडे.