बुडापासून

एक हिवाळा कुणी फिरकलं नाही
की ऑरेगॉनचा डोंगर वाट मागे घेतो.
आधी चाकोऱ्यांमधलं गवत गुडघ्याला लागतं,
मग दोन्ही कडांची अल्डरची पोरं
एकमेकांच्या खांद्यावर हात टाकतात,
आणि एप्रिलच्या धुक्यात जीप घातली
तर आरसे दुमडावे लागतात.
दारावर कुणी नखं ओढतंय, असा आवाज.

म्हणून आज आम्ही तिघं.
ऑरिन, ज्यानं या वाटेवर
ओंडक्यांचे ट्रक हाकलेत;
डेल्फीन, आठवडाभर टपाल वाटते
आणि शनिवारी रान कापते;
आणि मी, रोवेना,
चार हंगाम होऊनही नवखीच.

जीपचं मागचं फळकं पाडून
ऑरिन हत्यारं मांडतो,
पाती स्वतःकडे, मुठी आमच्याकडे.
लांब दांड्यांची कात्री, अंगठ्याएवढ्या फांदीला.
बाकदार कोयता, काटेरी जाळीला,
तो फिरत असताना मागं कुणी उभं राहायचं नाही.
पेट्रोलवर गरगरणारं पातं डेल्फीनचं,
तिनं पट्टा खांद्यावर घेतला
की आपण वीस पावलं लांब.
आणि घडीची करवत, माझी.

ब्लॅकबेरी सगळ्यात चिवट.
"हिमालयाची म्हणतात हिला," डेल्फीन सांगते,
"हिनं हिमालय पाहिलेलासुद्धा नाही."
आणि बाहीतला काटा दातानं उपटते.

ऑरिनचा नियम एकच, तोही तोंडातल्या तोंडात:
बुडापासून.
तिरका कापलास तर खुंट नाही, भाला उरतो.
गवत वाढतं, भाला झाकतं,
आणि मग कुणाचं तरी चाक येतं.

मला ठाऊक आहे.
गेल्या वर्षी, तिसऱ्या वळणावर,
पाऊस लागला होता, पाठ मोडली होती,
मी वाकले नाही.
उभ्याउभ्या कापलं, नडगीएवढं ठेवून, तिरकं.
महिन्याभरानं ऑरिनचंच टायर तिथं फाटलं.
बाजूनं, जिथं ठिगळ धरत नाही.
मी जॅकचा दांडा फिरवत राहिले.
त्यानं विचारलं नाही. मी बोलले नाही.

आज तिसरं वळण.
खुंट आहे. त्याला सात नवे फुटवे,
माझ्या खांद्याएवढे,
जणू एकाची शिक्षा सातांना वाढायची होती.
गुडघे चिखलात टेकले,
माती हातानं उकरली,
करवत आडवी धरली, जमिनीशी बोलेल इतकी खाली.
अल्डरचं लाकूड कापल्यावर केशरी होतं,
घटकाभरात, जखमेसारखं.
मी ते बघत बसले, उगाच.

दुपारी फळक्यावर बसून
ऑरिन कानस काढतो.
कोयत्याला चार हात, कात्रीला दोन,
मग माझ्या करवतीसाठी हात पुढे.
उजेडाकडे धरून एक डोळा मिटतो.
"टोकाकडून नववा दात वाकलाय."
"बरेच दिवस," मी म्हणते.
"गेल्या वर्षापासून," तो म्हणतो.
"प्रत्येक कापावर एक ओरखडा सोडतो.
त्या खुंटावरही होता."

डेल्फीन थर्मासचं झाकण लावते,
बराच वेळ लावत राहते.

माझ्या तोंडात सँडविचचा घास, गिळवत नाही.
"तेव्हाच का नाही बोललास?"
तो पक्कड शोधतो, सापडत नाही,
ती त्याच्याच खिशात असते.
"टायर तर फाटलंच होतं," तो म्हणतो.
दात चिमटीत धरून हलकेच वाकवतो,
पुन्हा उजेडाकडे धरतो,
आणि मूठ माझ्याकडे करून देतो.

अजून चौथं वळण बाकी आहे,
आणि पाचव्यावर पडलेला एक सीडर,
त्याला मोठं यंत्र लागेल.
धुकं वर सरकलंय.
डेल्फीन जीप पुढं घेते, अगदी हळू,
मी बाजूनं चालत बघते:
आरसे उघडे,
दोन्हीकडे वीतभर मोकळं.
उजवीकडे एक फांदी राहिलीच.
मी वाकते.