बाण खालच्या अंगाक

पावसाचे चार महिने गेले आणि गाडीत
ओल्या गोणपाटाचा वास राहिला.
एसी लावला की शिरोड्यापासून वेंगुर्ल्यापर्यंत
कुणीतरी मागच्या सीटवर भिजून बसलंय असं वाटायचं.

कुडाळचा तातू मेस्त्री म्हणाला, बाराशे.
त्यात फिल्टर साडेतीनशेचा, बाकीचे हात घालायचे.
हात मलाही आहेत.
नुसता फिल्टर घेतला, बांगड्यांच्या पिशवीला
लागणार नाही असा धरला, आणि घरी आले.

रविवार. मिसाहून आल्यावर
फणसाखाली गाडी, दारं सताड उघडी,
गाऊन खोचून मी डॅशबोर्डाखाली वाकडी.
पलीकडचा मिंगेल गडग्यावर बसून बघतोय.
गिअरला टेकवलेल्या फोनमध्ये इनास,
इनासच्या मागे जहाजाचं इंजीन.
कुठल्या समुद्रात आहेस विचारलं तर म्हणतो, पाण्यात.

तिथे तो दाराएवढाले फिल्टर बदलतो.
इथे मला सांगतो,
"आधी खण रिकामो कर."

खणात
मुदत संपलेलं पीयूसी,
मालवणच्या कुणाच्यातरी लग्नाची पत्रिका,
टायरची हवा मोजायचं नळकांडं,
मार्चमधला सुरंगीचा वळेसर, म्हणजे दोरा आणि चुरा,
आणि लवंगा.
कागदाच्या पुडीत, अर्ध्या संपलेल्या.

"लवंगा कसल्या रे?"
नेटवर्क गेलं.
नेमकं.

परत आला तेव्हा एकदम कामाचं बोलायला लागला.
"दोनय बाजूंनी आत दाब. उजवीकडची दोरी सोडय."
दाबलं. खण गुडघ्यांवर आला.
मागे काळं झाकण, त्याला दोन चाप,
एक सुटला, दुसऱ्याने माझं नख घेतलं.

फिल्टर पांढरा होता म्हणे कधीतरी.
चुणीचुणीत सुरूच्या सुया,
रेडीच्या रस्त्यावरची लाल धूळ,
मोहोराची भुकटी, एका पाकोळीचा पंख,
उंदराने दडवलेला काजूचा पापुद्रा.
वर बुरशी. ती पावसातली, ती माझी एकटीची.
इनास एप्रिलमध्ये गेला;
तिच्या खालचं सगळं दोघांचं.

मी नाक जवळ नेलं.
नेऊ नये असं खोक्यावर लिहिलेलं नव्हतं.
बुरशी, माती, आणि पार चुणीच्या तळाशी
सिगरेट.

दोन वर्षं झाली त्याला सोडून.
सायबिणीसमोर सोडली होती,
मी शेजारी उभी, हाताएवढी मेणबत्ती मीच आणलेली.
तेव्हापासूनच पाव किलो कोलंबी आणायला
तास-तास लागायला लागला होता त्याला.
काचा बंद करून, तीच हवा आतल्या आत फिरवत
कुठे उभा राहत असेल?
मोचेमाडच्या उतारावर?
वर लवंग चावून.

"कसो आसा?"
"काळो."
"खूप?"
"आसूक होयो तितको."
तिकडे इंजीन जरा मोठ्याने चाललं,
किंवा तो हसला,
किंवा काहीच नाही.

नवा फिल्टर पापडासारखा हलका.
सरकवला, तर झाकण बसेना.
"बाण खंय आसा?"
"वर."
"खालच्या अंगाक होयो. हवा वरसून येता."
काढला, फिरवला, परत घातला.
चाप लागल्याचा आवाज त्यालाही ऐकू गेला,
कारण "जमला मगो," म्हणाला, आणि मग
वरून कुणीतरी त्याला हाक मारली.

एसी दोनवर ठेवला.
हवेला गोणपाटाचा वास नाही,
मातीचा नाही, मोहोराचा नाही, कुणाचाच नाही.
मला ते बघवेना.
दारं उघडीच ठेवून बसले,
निदान मिंगेलकडच्या तळलेल्या बांगड्यांचं
काहीतरी आत यावं म्हणून.

मग जुना फिल्टर माडाच्या आळ्यात झाडला,
खण बसवला, पीयूसी, पत्रिका,
नळकांडं, सगळं जिथल्या तिथे.
सुरंगीचा चुरासुद्धा.
पुडी उघडून लवंगा मोजल्या. अकरा.
एक मी तोंडात टाकली.
दहा होत्या तशा बांधून ठेवल्या.

नाताळाला येतोय.
इंजीनवाल्यांना मोजायची सवय असते.